चारशे बारा वाक्यं

"ही फाइल सापडली नाही. ती आता या जागी नाही."

कॉम्प्युटरने हे तिसऱ्यांदा सांगितलं आणि टेलरकाकूंचं डोकंच फिरलं. सापडली नाही म्हणजे काय? फाइलचं नाव तर समोर ढळढळीत दिसत होतं. त्या नावावर बाण न्यायचा, दोनदा टकटक करायचं, आणि या ठोकळ्याने वर तोंड करून सांगायचं की असलं काही इथं नाहीच. दारात उभं राहून "मी घरी नाही" म्हणणाऱ्या माणसाला जे म्हणावं, तेच काकूंनी कॉम्प्युटरला म्हटलं. ते इथं लिहिण्यासारखं नाही.

शेजारच्या खुर्चीत रेकॉर्डकाका बसले होते, म्हणजे काकूंचे यजमान. ते काही बोलले नाहीत. त्यांना बोलता येत नव्हतं. तीन आठवड्यांपूर्वी त्यांच्या घशातली गाठ काढली, आणि ती काढताना डॉक्टरांना स्वरयंत्रही काढावं लागलं. माणूस वाचला, आवाज गेला. आता श्वासासाठी गळ्याच्या खालच्या अंगाला एक भोक होतं. त्यावर लावायला काकूंनी मऊ सुती कापडाचे छोटे पडदे शिवून दिले होते, आठवड्याचे सात, प्रत्येकाला दुहेरी शिवण. काकांना काही सांगायचं असलं की ते गळ्यातल्या छोट्या पांढऱ्या बोर्डावर लिहायचे, दाखवायचे आणि फडक्याने पुसायचे.

तरी आवाज अगदीच गेला होता असंही नव्हतं, आणि सगळी मेख इथंच होती. ऑपरेशनच्या महिनाभर आधी हॉस्पिटलमधल्या स्पीच थेरपीच्या बाईंनी काकांना बसवून नीट समजावलं होतं, की रोज लागणारी वाक्यं तुमच्याच आवाजात घरच्या कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करून ठेवा. ती मी एका लहानशा यंत्रात घालून देईन. बटण दाबलं की तुमचं वाक्य, तुमच्या आवाजात. काका महिनाभर रोज दुपारी माइक पुढ्यात घेऊन बसले आणि त्यांनी चारशे बारा वाक्यं भरली. उद्या सकाळी दहा वाजता ती पेनड्राइव्हवर घालून बाईंकडे न्यायची होती. आणि आज दुपारी जेवणं उरकून दोघं हौसेने बसतात तर कॉम्प्युटरचं हे असं. पुन्हा भरू म्हणायची सोय नव्हती. भरायला आवाज आणणार कुठून?

काकू बोलून तरी मोकळ्या होत होत्या. काकांचं तोंड बघवत नव्हतं. त्याला कारण होतं. एका मोठ्या कचेरीच्या रेकॉर्डरूममध्ये त्यांनी चौतीस वर्षं काढली होती, रेकॉर्डकाका हे नाव त्यांना तिथंच चिकटलं. कुणी जुनी फाइल मागायला चिठ्ठी पाठवली की ती फाइल पाच मिनिटांत टेबलावर. चिठ्ठीवर "सापडत नाही" असा शेरा त्यांनी चौतीस वर्षांत एकदाही मारला नव्हता, आणि ही गोष्ट ते नव्या माणसाला ओळख झाल्यावर पहिल्या पाच मिनिटांतच सांगत. म्हणजे सांगत असत. त्या माणसाला त्याच्याच घरात, त्याच्याच फाइलीबद्दल, तेही त्याच्याच आवाजाच्या फाइलीबद्दल, "सापडली नाही" म्हणून ऐकून घ्यावं लागत होतं.

कॉम्प्युटर त्यांनी निवृत्तीनंतर घेतला, हट्टाने सगळा मराठीत करून घेतला आणि त्यात घरातला कागद न् कागद लावून टाकला. काकू त्याला सवत म्हणायच्या. त्यांचं स्वतःचं राज्य पुढच्या खोलीत होतं: शिलाई मशीन, कापडाचे गठ्ठे आणि गिऱ्हाइकांच्या मापांची वही. सवतीच्या वाटेला त्या कधी गेल्या नाहीत. पण ऑपरेशननंतर काकांना फार वेळ वाकून बसलं की खोकला यायचा, आणि तो खोकला बघणं काकूंच्या जिवावर यायचं. म्हणून आज माउस काकूंच्या हातात होता आणि काका बाजूला बसून बोटाने दाखवत होते.

शेवटी काकूंनी लेकीला फोन लावला.

लेक दुसऱ्या गावात ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायची. दिवसभर घाबरलेल्या माणसांच्या शेजारी बसून शांत राहायचं हाच तिचा धंदा, त्यामुळे तिने आईलाही तसंच हाताळलं. आधी कॉम्प्युटर बंद करून चालू करायला लावला. मग पेनड्राइव्ह काढून दुसऱ्या भोकात घालायला लावला. मग व्हायरस तपासायला लावला, त्यात पाऊण तास गेला आणि व्हायरस एकही निघाला नाही. त्या पाऊण तासात तिने एकाला उजवीकडे वळायला शिकवून परत फोन केला. मग म्हणाली, एक-एक फाइल राहू दे, आख्खा संग्रह एकदम कॉपी करून बघ. काकूंनी तसं केलं. हिरवी पट्टी थोडी सरकली, मग कॉम्प्युटरने प्रश्न विचारायला सुरुवात केली. ही जात नाही, वगळू का? ही जात नाही, वगळू का? लेक म्हणाली, "वगळ" म्हण, निदान जातंय ते तरी जाऊ दे.

शेवटी पेनड्राइव्हवर सत्त्याण्णव फाइली गेल्या. त्या मात्र उघडत होत्या. काकूंनी पहिली दाबली आणि खोलीत आवाज आला, "हो." दुसरी दाबली, "नको." मग "पाणी." मग "दुखतंय." मग "थांब." तीन आठवड्यांनी कानावर आलेला तो आवाज खरा होता, पण असा एकेक शब्द टाकणारा. काकूंनी अशा वीसेक फाइली ऐकल्या आणि हात मागे घेतला.

"एवढंच बोलणारं माणूस मला नको आहे," त्या म्हणाल्या.

काका खिडकीकडे बघत बसले. मग त्यांनी बोर्डावर लिहिलं, "खराब झाल्या असतील. राहू दे. हो-नको वर भागेल." आणि ते पुसलंही नाही, तसंच ठेवलं. काकूंना त्यांचा इतका राग आला की सांगता सोय नाही. बेचाळीस वर्षं संसार केला, त्यात हा माणूस भाजीत मीठ कमी पडलं तरी तीन वाक्यं बोलायचा. पहिल्यात मीठ कमी आहे हे सांगायचा, दुसऱ्यात मागच्या वेळी बरोबर होतं हे, आणि तिसऱ्यात तरीही भाजी चांगली झाली आहे हे. त्याचं आता हो-नको वर भागणार होतं म्हणे.

रागात असल्या की काकूंचे डोळे नीट काम करतात. हे त्यांच्या गिऱ्हाइकांनाही माहीत आहे. गेलेल्या आणि न गेलेल्या फाइलींच्या याद्या त्यांनी शेजारी-शेजारी उघडून घेतल्या आणि बघत राहिल्या. काकांची पद्धत अशी, की फाइलीत जे वाक्य बोललंय तेच आख्खं वाक्य फाइलीचं नाव. रेकॉर्डरूमचा त्यांचा नियमच होता: आत काय आहे ते वरून कळलं पाहिजे, उघडून बघावं लागलं तर ती लावणाऱ्याची चूक. त्यामुळे याद्या म्हणजे वाक्यंच होती, आखूड आणि लांब. गेलेल्या सगळ्या आखूड होत्या. न गेलेल्या सगळ्या लांब.

काकूंनी गळ्यातली टेप काढली आणि पडद्यावर लावली.

"आई, काय करते आहेस?" लेकीने विचारलं.

"माप घेते आहे."

"कशाचं?"

"फाइलींचं."

लेकीने कपाळाला हात लावला असणार, पण ते फोनवर दिसत नाही. काकूंनी आधी डॉक्टरांशी बोलायच्या वाक्यांचा कप्पा, म्हणजे फोल्डर, घेतला. तिथं दोन इंचांपर्यंतचं वाक्य गेलं होतं, त्यापुढचं एकही नाही. मग शेजाऱ्यांचा कप्पा. तिथं मात्र सव्वातीन इंचांची वाक्यंसुद्धा गेली होती. त्यांनी पुन्हा मोजून बघितलं, चूक नव्हती. मग त्यांनी कप्प्यांच्या नावांना टेप लावली, आणि त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. शेजाऱ्यांच्या कप्प्याचं नाव नुसतं "शेजारी व सोसायटी" असं होतं. डॉक्टरांच्या कप्प्याचं नाव होतं, "वैद्यकीय बाबी - डॉक्टर, परिचारिका व औषध दुकानदार यांच्याशी बोलावयाची वाक्ये".

"हे बघ," काकू फोनवर म्हणाल्या, "कप्प्याचं नाव लांब तिथं वाक्य आखूड लागतंय. कप्प्याचं आखूड तिथं वाक्य लांब चालतंय. कापड तेवढंच आहे गं. बाह्यांना जास्त गेलं की अंगाला कमी पडतं."

लेक म्हणाली, जरा थांब. तिने गाडी बाजूला घ्यायला लावली, स्वतःच्या फोनवर कुठं-कुठं शोधलं आणि पाच मिनिटांनी पुन्हा फोन केला. आवाजच बदलला होता तिचा. फाइलीचं नाव, ती ज्या कप्प्यात आहे त्याचं नाव, तो कप्पा ज्या कप्प्यात आहे त्याचं नाव, असं बाहेरच्या कपाटापासून सगळं मिळून कॉम्प्युटर एकच नाव धरतो, आणि त्याला मर्यादा असते, साधारण दोनशे साठ अक्षरांची. त्यापेक्षा लांब झालं की फाइल असते जागेवर, पण त्याला उघडताच येत नाही. मग तो म्हणतो सापडली नाही.

"म्हणजे खराब नाहीत?" काकूंनी विचारलं.

"काही झालेलं नाही त्यांना. बाबा, ऐकताय ना? वाक्यं भरली तेव्हा उघडत होती ना? मग नंतर तुम्ही काय केलंत?"

काकांनी खाली मान घातली. नंतर काय केलं ते काकूंना ठाऊक होतं. हॉस्पिटलात भरती व्हायच्या आधीचे दोन दिवस हा माणूस जेवणाला हाक मारली तरी जागचा उठला नव्हता. वाक्यं भरून झाली होती, आता ती नीट लावायची होती. कप्प्यात कप्पा, कप्प्यात कप्पा, प्रत्येकाला नियमाप्रमाणे पूर्ण नाव. सगळ्यात बाहेरच्या कपाटाचं नाव तर असं, की वाचताना दम लागावा: "शस्त्रक्रियेनंतर वापरावयाच्या ध्वनिमुद्रित वाक्यांचा कायमस्वरूपी संग्रह (मूळ प्रत)". दुसऱ्या कुणी भरून ठेवली असती, तर कशीही कोंबली असती आणि आज ती सुखाने उघडली असती. काकांनी नीट लावली म्हणून अडकली. चौतीस वर्षांत एक फाइल न हरवणाऱ्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा फाइली हरवल्या, त्या व्यवस्थितपणाने.

लेक म्हणाली की उपाय सोपा आहे, बाहेरच्या कपाटांची नावं लहान करा, वाक्यांना हात लावू नका. तिच्या पुढच्या शिकाऊची वेळ झाली होती. झालं की सांग म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

सोपं म्हणे. काकांनी बोर्ड घेतला आणि लिहायला लागले. नाव लहान केलं तर आत काय आहे हे कळणार कसं? "मूळ प्रत" हे शब्द तर राहिलेच पाहिजेत. "कायमस्वरूपी" गाळला तर कुणी तरी पुसून टाकेल. "वाक्यांचा" च्या आधी "ध्वनिमुद्रित" हवंच, नाहीतर लेखी वाक्यं समजतील. बोर्ड भरायचा, पुसायचा, पुन्हा भरायचा. काकूंनी पाच बोर्ड वाचले. सहाव्याला त्यांनी फडकं काढून घेतलं.

"अहो, कोण येणार आहे मागायला?" त्या म्हणाल्या. "आणि कळायचं काय आहे त्यात? आत तुम्ही आहात. मला तेवढं पुरे."

काकांनी खुर्ची पुढे ओढली आणि कीबोर्ड स्वतःकडे घेतला. लांबलचक नाव निळं झालं. ते पुसताना त्यांचा हात जरा थबकला, रेकॉर्डरूमच्या माणसाचा हात तो. आणि त्यांनी नुसतं "वाक्ये" असं लिहिलं. मग आतला कप्पा, मग त्याच्या आतला. "डॉक्टर." "जावई." "फोन."

काकूंनी मघाचीच फाइल दाबली, तीनदा सापडली नाही ती.

"डॉक्टर, रात्रीची गोळी घेतली की मळमळतं. ती बदलून देता येईल का, किंवा जेवणाआधी घेतली तर चालेल का?"

आख्खं वाक्य. मध्ये घेतलेल्या श्वासासकट, "किंवा" वर दिलेल्या नेहमीच्या जोरासकट. गोळी आणि मळमळ यांच्याबद्दलचं वाक्य ऐकून इतकं रडलेलं माणूस दुसरं नसेल. काकूंनी पदर तोंडाला लावला आणि रडून घेतलं. काकांच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या, पण रडण्याचा आवाज नव्हता. फक्त गळ्यावरचा तो सुती पडदा भराभर हलत होता. काकूंनी तो हाताने हलकेच सारखा केला.

मग सगळी वाक्यं पेनड्राइव्हवर गेली. हिरवी पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आणि कॉम्प्युटरने एकदाही तोंड उघडलं नाही. काकांना तपासल्याशिवाय चैन नव्हतं, म्हणून ते एकेक कप्पा उघडून थोडं-थोडं ऐकवत होते, आणि काकू आता मजेत ऐकत होत्या. पेपरवाल्याशी बोलायची सात वाक्यं. सोसायटीच्या सेक्रेटरीशी बोलायची अठरा, त्यातली अकरा पाण्याच्या टाकीबद्दल. जावयाला गाडी जपून चालवायला सांगणारी तीन, प्रत्येकात काळजी जरा वाढती. लेकीच्या कप्प्यातलं एक वाक्य तर असं होतं की काकांनी ते पटकन बंदच केलं. ते तिलाच आधी ऐकू दे, असं त्यांनी हातानेच सांगितलं.

आणि मग काकूंना तो कप्पा दिसला. त्याचं नाव अजून काकांनी आखूड केलं नव्हतं. "पत्नीशी करावयाच्या नित्य व नैमित्तिक संभाषणाबाबत."

काकू खुदकन हसल्या. बाई गं, काय ते नाव. त्यांनी काकांच्या हातातून माउस घेतला आणि कप्पा उघडला.

"हे फोल्डर रिकामं आहे."

काकूंचं हसू तिथंच विरलं. त्यांनी कप्पा बंद करून परत उघडला. रिकामा. काका काही लिहायच्या आतच त्यांनी फोन उचलला. सगळ्या जगाची वाक्यं सापडली आणि माझीच गेली, असं त्या पुटपुटत होत्या, नाव फार लांब होतं म्हणून माझीच गेली, लेकीला म्हणावं शोध कुठूनही. नंबर लागत नव्हता.

आता इथं काकांना गप्प बसता आलं असतं. सगळं कॉम्प्युटरवर ढकलून मोकळं होता आलं असतं; आज दिवसभर तो खोटारडा ठरलाच होता, त्यात आणखी एक. बायकोला वाटलं असतं, आपल्यासाठीही बरंच काही होतं, ते बिचारं हरवलं. त्याने कुणाचं काही बिघडलं नसतं. पण काकांनी काकूंच्या फोनवर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने बोर्डावर लिहिलं.

"काही गेलं नाही. रिकामाच होता."

काकूंनी ते वाचलं. काकांनी पुसलं आणि पुन्हा लिहिलं, "तीन दुपारी बसलो. सुचलं नाही."

"पेपरवाल्याला सुचलं," काकू म्हणाल्या. "पाण्याच्या टाकीला अकरा सुचली."

काकांनी मान हलवली. हो, सुचली.

"आणि मला एक नाही?"

काकांनी लिहिलं, "त्यांच्याशी ठरवून बोलतो. तुझ्याशी कधी ठरवून बोललो?"

खरं होतं ते. काकूंनाही पटलं की खरं आहे. पण खरं असून काय करायचं? उद्यापासून हा माणूस सगळ्या गावाशी आपल्या आवाजात बोलणार, सेक्रेटरीशी भांडणार, जावयाला उपदेश करणार, आणि बायकोपुढे बोर्ड धरणार. काकूंना वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, आणि आजारी माणसावर रागावताही येत नाही म्हणून आणखीच वाटलं.

काही तरी करत राहायचं म्हणून काका यादीच्या शेवटच्या कप्प्याशी गेले. "बाद." त्यात एकोणीस फाइली होत्या. रेकॉर्डरूममध्ये बाद झालेला कागदसुद्धा लगेच फाडत नाहीत, कारण लिहून काही महिने वेगळा ठेवतात. काकांनी तसंच केलं होतं. पेनड्राइव्हवर नकोतच, म्हणून ते त्या सगळ्या निवडून पुसायच्या बेतात होते, तेवढ्यात काकूंनी नावं वाचली. बाद क्रमांक एक, कारण अडथळा. बाद क्रमांक दोन, कारण अडथळा. तीन, अडथळा. चार, अडथळा. पार एकोणीसपर्यंत.

"हा अडथळा म्हणजे कोण?" काकूंनी विचारलं.

काका छताकडे बघायला लागले.

काकूंनी क्रमांक एक दाबला. काकांचा आवाज आला, ठरवलेला, सावकाश: "जावईबापू, निघताना टायरमधली हवा तपासून घ्या आणि पोहोचल्यावर—" मागून मशीनची घरघर सुरू झाली, आणि मग तोच आवाज, पण मोकळा, पट्टी चढवलेला: "अगं ए, ते मशीन थांबव की दोन मिनिटं! सगळी घरघर येतेय यात." आणि लांबून काकूंचाच आवाज, "एवढी बाही होऊ द्या." मग "बरं, बरं," आणि खट्ट.

दोन. औषधाच्या दुकानातलं वाक्य अर्ध्यावर, आणि मग, "अगं, माझा दुसरा चष्मा कुठं ठेवलास? नाही, तिथं नाही. तिथं नाही म्हणतोय ना. हां. सापडला."

तीन. टाकीबद्दलचं वाक्य, आणि मध्येच, "काय गं, हसतेस काय? तूच बोल मग यात."

एकोणीसच्या एकोणीस अशाच होत्या. प्रत्येकात काका कुणाशी तरी ठरवून बोलायला बसले होते आणि मध्येच ते सोडून बायकोशी बोलायला लागले होते. म्हणून ती बाद.

काका बोर्डावर घाईघाईने लिहायला लागले, की या बिघडलेल्या आहेत, अर्धवट आहेत, बाई यंत्रात घेणार नाहीत. काकूंनी वाचलंच नाही.

"या माझ्या आहेत," त्या म्हणाल्या. "माझ्या कप्प्यात घाला."

काकांनी लिहिणं थांबवलं. एकोणीसही फाइली उचलून त्यांनी त्या रिकाम्या कप्प्यात ठेवल्या. मग त्या कप्प्याचं नाव आखूड करून तिथं "अगं" असं लिहिलं, आणि तोही पेनड्राइव्हवर घातला.

बाहेर संध्याकाळ झाली होती. दुपारचा चहा राहूनच गेला होता, म्हणून काकू उठून स्वयंपाकघरात गेल्या, आधण ठेवलं, कपबशा विसळायला घेतल्या. आत काका उरलेल्या फाइली तपासत असतील याची त्यांना कल्पना होती, पण नळ सुरू होता आणि त्यांचं मन उद्या दहा वाजता कसं पोहोचायचं, रिक्षा मिळेल का, यात होतं.

"अगं, दार वाजतंय. बघ जरा कोण आहे."

"बघते," काकू म्हणाल्या. त्यांनी नळ बंद केला, पदराला हात पुसले, पुढच्या खोलीतून गेल्या, कडी काढली आणि दार उघडलं.

दारात कुणी नव्हतं. जिनाही रिकामा होता. खालच्या मजल्यावर कुणीतरी आपल्याच घराचं कुलूप उघडत होतं. काकू कडीला हात लावून उभ्या राहिल्या आणि मग त्यांच्या लक्षात आलं. तीन आठवडे झाले, त्यांना घरात कुणी काम सांगितलं नव्हतं. त्यांनी दार लावून घेतलं, आणि इतकी वर्षं सांगत आल्या तसं, आतल्या खोलीत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "कुणी नाही हो."